ढवळायचं नाही

भांडं तापल्या ओव्हनमध्ये गेलं की पहिली वीस-पंचवीस मिनिटं तो काहीच करत नाही. काचेच्या पसरट भांड्यात तळाला वितळलेलं लोणी, त्यावर भज्यांच्या पिठापेक्षा थोडं सैल असं पांढरं पीठ, आणि त्यावर पीचच्या फोडी, रसासकट. लग्नघरी एकाच खोलीत उतरवलेल्या तीन गावच्या पाहुण्यांसारखे तिघं गप्प बसलेले असतात. मग कडेला एक बुडबुडा फुटतो. लोणी भांड्याच्या कडेने वर चढतं आणि पिठाची किनार तळायला घेतं. मधलं पीठ फोडींच्या फटींतून डोकं वर काढतं, फुगतं, शेजारच्या फोडीवर पांघरूण घालतं आणि तिला खाली बसवतं. पाऊण तासाने पाहावं तर पीठ वर आलेलं असतं, फळ खाली गेलेलं असतं, आणि दोघांची गाठ पडते तिथे नारिंगी-सोनेरी, धड केकही नाही आणि धड मुरंबाही नाही असं काहीतरी खदखदत असतं. तेवढ्या वेळात कुणी त्याला चमचाही लावलेला नसतो.

हा कॉबलर. जॉर्जियातला पीच कॉबलर. माझी त्याची ओळख चौदा वर्षांची.

रूप म्हणाल तर त्याला नाहीच. त्याचा 'पाय' नावाचा चुलतभाऊ पाहावा! करंजीला घालतो तशी नेटकी मुरड घातलेली कड, वर पट्ट्यांची जाळी, कापला की कंपासपेटीतल्या गुण्यासारखा त्रिकोण बशीत उभा. पाहुण्यांपुढे मिरवायचा तो. कॉबलर कापता येत नाही, वाढावा लागतो, तोही मोठ्या डावाने. बशीत पडला की पसरतो, रस एका बाजूला पळतो, वरचं कवच वाकडं होतं. फोटोत तर हटकून वाईट दिसतो. इंग्रजीत कॉबलर म्हणजे चांभारही, पण या पदार्थाचं नाव त्याच्या तोंडवळ्यावरून पडलं असं बरेच जण मानतात: वर उठलेले पिठाचे उंचवटे जुन्या रस्त्यातल्या गोल गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसतात. जॉन रसेल बार्टलेट यांनी अमेरिकी बोलीतल्या शब्दांचा कोश केला, त्याच्या १८५९च्या आवृत्तीत हा शब्द खाण्याच्या पदार्थासाठी नोंदलेला आहे. तेव्हाचा कॉबलर चुलीवरच्या भांड्याला आतून जाड पिठाचं अस्तर देऊन त्यात फळ भरून केलेला. घडीव तबक नाही, भट्टी नाही, वेळ नाही अशा घरात जन्मलेला हा गडी आहे, आणि ते त्याने कधी लपवलेलं नाही.

आम्ही अटलांटाच्या दक्षिणेला घर घेतलं तो जून महिना होता. अंगणातली माती पाहून मी थबकले होते. लालभडक, पावसात बुटांना चिकटणारी, अगदी आमच्या रत्नागिरीकडची वाटावी अशी. खोकी अजून फोडायची होती, आणि दारावरची घंटा वाजली. शेजारच्या आजी उभ्या होत्या. सत्तरीच्या, कृष्णवर्णीय, कपाळावर घामाचे थेंब. दोन्ही हातांत जाड कापडात धरलेलं काचेचं भांडं, वर चंदेरी कागद. "गरम आहे हं, हनी," म्हणाल्या, "आणि भांड्याची काही घाई नाही."

इथे वडीलधाऱ्या बाईला कुणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. नावाआधी 'मिस' लावायचं आणि उत्तर देताना 'येस, मॅम' म्हणायचं, हे मुलांना बोलायला लागल्यापासून शिकवतात. मला ते शिकायला वेळ लागला नाही. नाव वेगळं, पण काकू-मावशी म्हणण्यातली अदब तीच. मनात मात्र त्या माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून आजीच.

त्या रात्री भांडं धुताना पालथं केलं तर तळाला कागदी चिकटपट्टी, आणि तीवर निळ्या शाईने त्यांचं नाव. पट्टीच्या कडा पाण्याने तपकिरी झाल्या होत्या, शाई पसरली होती, म्हणजे हे भांडं पुष्कळ घरं फिरून आलेलं. मी ओल्या हाताने तशीच उभी राहिले. माझ्या माहेरच्या प्रत्येक पातेल्यावर, डब्यावर, वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं आहे. बोहारणीकडून किंवा दुकानातून भांडं घेतलं की आधी नाव घालायचं, कारण ते शेजारी जाणार हे ठरलेलंच. ज्या गावातली भांडी घरोघर फिरतात, तिथेच भांड्यांवर नावं लागतात.

आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बेसनाचे लाडू घालून परत केलं. आजींनी एक लाडू तिथेच उभ्याने खाल्ला आणि म्हणाल्या, "आत ये. तो कसा करायचा ते दाखवते."

कृती एवढीशी, की लिहून घ्यायलाही संकोच वाटावा. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध. इकडे दुकानात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेला मैदा मिळतो, दक्षिणेतल्या घरांत तो हमखास असतो. मऊ गव्हाचा, चिकटपणा कमी असलेला, म्हणून हाताला भुकटीसारखा लागतो. लोण्याची एक कांडी, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, भांड्यातच घालून भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं आणि वितळवायचं. पीठ गुठळ्या मोडण्यापुरतंच कालवायचं आणि त्या गरम लोण्यावर ओतायचं. वर फोडी. साडेतीनशे अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये पावणेदोनशेच्या आसपास. पाऊण ते एक तास. आपल्याकडची सेव्हन कप बर्फी कशी तोंडपाठ असते, तसाच हा इथे लेकी-सुनांना तोंडपाठ.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. आणि ढवळायचं नाही."

पुढच्या शनिवारी मी घरी केला आणि ढवळला. हाताला वळणच तसं होतं. आमच्याकडे पीठ, रस आणि तूप एका भांड्यात वेगवेगळे दिसले की उलथनं आपोआप पुढे होतं. शिरा असो, पिठलं असो, नुसतं सोडून दिलं तर लागतं, गुठळ्या होतात. मी दोन वळसे दिले, फार नाही. तासाभराने भांड्यात करड्या रंगाचा, एकजीव, रबरासारखा थर बसला होता. फळाचा रस पिठाने पिऊन टाकला होता, कड कुठेच कुरकुरीत नव्हती. आजींनी एक चमचा खाल्ला. चव वाईट नाही म्हणाल्या, आणि मग हळूच, "ढवळलंस ना?"

नंतर माझ्या लक्षात आलं की यातली सगळी करामत थरांच्या वेगळेपणात आहे. तळाचं लोणी मोकळं राहिलं तर ते तापून कडेने वर येतं आणि पिठाला बाहेरून तळतं. म्हणून कड जिलबीच्या कडेसारखी कडक होते. पीठ एकसंध राहिलं तर बेकिंग पावडरचा वायू त्यात अडकून ते फुगतं, हलकं होतं आणि जड फोडींच्या मधून वर सरकतं. फोडी आपल्याच वजनाने उतरतात आणि तळाशी आपल्याच रसात शिजतात. मध्ये हात घातला, की लोणी पिठात मुरतं, पिठाला ओढ येते, आणि कुणालाच आपली जागा सापडत नाही. साखर थोडी कमी-जास्त, दूध थोडं आंबट, फळ जरा कच्चं, भांडं चौकोनाऐवजी गोल, हे सगळं कॉबलर निमूट सोसतो. एक ढवळणं तेवढं त्याला चालत नाही.

हा झाला रोजचा. आजींच्या मते तो खरा नव्हेच. "तो घाईच्या दिवसाचा," त्या म्हणतात. रविवारचा वेगळा. त्याला मैदा आणि थंड लोण्याची लाटी करतात, लाटतात, तिच्या पट्ट्या कापतात. अर्ध्या पट्ट्या पीचच्या पाकात आतच सोडायच्या, शिजायला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ही तर गोड डाळढोकळी! उरलेल्या पट्ट्या वर आडव्या-उभ्या. जायफळ किसून, दालचिनी जराशी. आतल्या पट्ट्या रस पिऊन मऊ लुसलुशीत होतात, वरच्या खरपूस. वाढताना प्रत्येकाच्या वाटीत दोन्ही यायला हव्यात, यावर आजींचं बारीक लक्ष असतं.

या रविवारच्या कॉबलरचं मूळ घर शोधायला गेलं की पांढऱ्या खांबांच्या मोठ्या हवेल्यांमागच्या स्वयंपाकघरात पोचावं लागतं. तिथे रांधणाऱ्या बायका गुलामगिरीत होत्या. त्यांच्या हातच्या पदार्थांची कीर्ती मालकिणीच्या नावाने झाली, त्यांची स्वतःची नावं फारशी उरली नाहीत. एक उरलं: अ‍ॅबी फिशर. साउथ कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मलेली ही बाई पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तिथे लोणची-मुरंब्यांसाठी पदकं मिळवली, अकरा मुलं वाढवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने सांगितलं, इतरांनी उतरवून घेतलं, आणि १८८१ साली जुन्या दक्षिणी स्वयंपाकाचं तिचं पुस्तक छापून आलं. त्यात पीच कॉबलर आहे. आजींकडे त्या पुस्तकाची अलीकडे पुन्हा छापलेली प्रत आहे. ती त्यांनी पाककृतींच्या पुस्तकांत ठेवलेली नाही, बायबलशेजारी ठेवली आहे. मला ती जागा अगदी योग्य वाटते.

आता पीचविषयी, कारण त्याच्यावाचून हा माणूस अर्धा. जुन्या मराठीत याला सप्ताळू म्हणत. आता सगळे पीचच म्हणतात. मूळचं चीनचं फळ, अमेरिकेत सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आलं, आणि इतकं रुजलं की नंतर आलेल्या इंग्रजांना ते इथलंच वाटावं. जॉर्जियाचं नाव त्याला चिकटलं ते मात्र यादवी युद्धानंतर. मार्शलव्हिल गावच्या सॅम्युएल रम्फ या बागायतदाराने १८७०च्या दशकात एक मोठी, पिवळ्या गराची, टिकाऊ जात काढली, तिला बायकोचं नाव दिलं, एल्बर्टा, आणि बर्फाच्या पेट्यांतून रेल्वेने न्यूयॉर्कपर्यंत धाडली. १९२४ साली तर इथे एका जिल्ह्याचं नावच पीच ठेवलं गेलं. त्याच्या मुख्य गावी, फोर्ट व्हॅलीला, दर जूनमध्ये पीचचा उत्सव भरतो आणि अकरा फूट लांब, पाच फूट रुंद असा कॉबलर भाजतात. पंचाहत्तर गॅलन पीच त्यात जातात. उन्हात रांग लावून लोक वाट्या घेऊन उभे असतात आणि तो सगळ्यांना फुकट वाढला जातो. चवीला तो घरच्याच्या जवळपासही नसतो. तरी मी दोनदा गेले आहे, आणि पुन्हा जाईन, कारण एवढ्या मोठ्या भांड्यातूनही त्याला शेवटी वाटीतच यावं लागतं, हे पाहायला मला आवडतं.

पीच निवडायला आजींनी शिकवलं. लाल गालाला भुलायचं नाही, लाली उन्हाची असते. देठापाशी पाहायचं, तिथली हिरवी झाक जाऊन पिवळी आली पाहिजे. मग नाकाशी धरायचं. मेमध्ये येणाऱ्या पहिल्या फळांचा गर बाठीला घट्ट धरून असतो, सोडवताना चिंधड्या होतात. जूनच्या मध्यानंतरची फळं बाठ सुटी सोडतात: भोवताली एक चीर द्यायची, दोन्ही अर्धे उलट्या दिशांनी फिरवायचे, बाठ टपकन हातात. साल काढायला बुडाशी फुलीसारखी चीर देऊन उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, मग थंड पाण्यात. लव असलेली ती साल टोमॅटोसारखी सरकन निघते, आणि खालून जे दिसतं ते पहाटेच्या आभाळाच्या रंगाचं असतं.

या झाडाला थंडी लागते. जातीप्रमाणे हिवाळ्यातले काहीशे तास पारा सात अंशांच्या खाली राहावा लागतो, नाहीतर वसंतात कळ्या धड फुटत नाहीत. २०१७ साली हिवाळा उबदार गेला आणि जॉर्जियाचं बहुतेक पीक गेलं. २०२३ला उबदार हिवाळ्यावर उशिराचं दहिवर पडलं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त गेलं. रस्त्याकडेच्या टपऱ्या रिकाम्या होत्या. मोहराच्या दिवसांत आभाळाकडे पाहणारे माझे वडील मला त्या उन्हाळ्यात रोज आठवत होते. आजींनी त्या वर्षी डबाबंद पीच आणले, पाक गाळला, लिंबू पिळलं आणि कॉबलर केला. "याला नाटकं नाहीत," त्या भांड्याकडे पाहून म्हणाल्या, "जे दिलं ते घेतो."

खरंच घेतो. गुरांचे कळप हाकत महिनोन्‌महिने चालणाऱ्या काउबॉयांबरोबर स्वयंपाकाच्या गाडीतून तो टेक्ससच्या माळांवर फिरला आहे, तेव्हा त्याच्या वाट्याला सुकवलेली सफरचंदं आणि सुकवलेले पीच आले. बिडाचं तीन पायांचं जड भांडं, खाली निखारे, कड उभारलेल्या झाकणावरही निखारे. टेक्ससने २०१३ साली पीच कॉबलरला राज्याचा कॉबलर म्हणून मानही दिला. ते भांडं मी पहिल्यांदा एका संग्रहालयात पाहिलं आणि माझ्या आजीची चूल डोळ्यांपुढे आली. श्रावण-भाद्रपदात काकडीच्या जातीची मोठी तवसं उतरली की ती धोंडस करायची. किसलेलं तवसं, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान, आणि वर लोखंडी झाकणावर निखारे. खालून-वरून विस्तव. तीही एकदा आत घातल्यावर झाकण काढू द्यायची नाही. आम्ही मुलं भोवती बसून नुसता वास घ्यायचो.

त्याची भावंडं पुष्कळ, आणि नावं अशी की मुलांनी ठेवलेली वाटावीत. पावाच्या चुऱ्याची बेटी. फळाभोवती उकळताना गुरगुरणारा ग्रंट. वरचं कवच मोडून रसात दाबलेला पँडाउडी. नॉर्थ कॅरोलायनाच्या सरी जिल्ह्यापलीकडे फारसा न गेलेला सोंकर. बशीत ढेपाळणारा स्लंप. 'लिटल विमेन'ची लेखिका लुइसा मे अल्कॉट हिने कॉन्कर्डमधल्या आपल्या राहत्या घरालाच 'अ‍ॅपल स्लंप' म्हटलं होतं. सगळीच गरिबाघरची. मी त्यांतले दोन-तीन करून पाहिले आहेत. परत कॉबलरकडे आले.

तीन वर्षांपूर्वी शेजारचे आजोबा, आजींचे यजमान, गेले. आमच्या गावात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात जातो. मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या आजीचा स्टीलचा मोठा डबा होता, तळाला तिच्या नावाची अक्षरं कोरलेला, लग्नानंतर माझ्याबरोबर आलेला. त्यात भात, वर दुसऱ्या डब्यात पिठलं, तिखट अगदी कमी, आणि मी गेले. आजींच्या ओट्यावर जागा नव्हती. चर्चमधल्या बायकांनी आणलेली भांडी, आणि त्यांत सात कॉबलर. आजी खुर्चीत बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं यातलं कुणाचं काय, पट्ट्या तर बुडाला. आजींनी बसल्या जागेवरून एकेका भांड्याकडे बोट केलं आणि पालथं न करता सांगितलं. हा अमकीचा, ती कडेला साखर भुरभुरते. हा तमकीचा, तिचं जायफळ नेहमी जास्त. हा धाकट्या भाचीचा, तिने ढवळला आहे. शेवटचं सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी त्या ढवळलेल्या कॉबलरमधूनच आपली वाटी भरून मागितली, आणि पूर्ण खाल्ली.

डबे परत यायला महिना लागला. एका संध्याकाळी पायरीवर ठेवलेले दिसले, वर घडी केलेलं फडकं. मोठा उचलला तर जड, आणि गरम. पालथा करायचा नाही म्हणून डोक्याच्या वर धरून खालून पाहिला. माझ्या आजीच्या कोरलेल्या अक्षरांखाली, शेजारच्या आजींना वाचता न येणाऱ्या त्या अक्षरांना जराही न झाकता, कागदी चिकटपट्टी लावली होती. तीवर निळ्या शाईत माझं नाव.

झाकण उघडेना. गरमागरम भरून घट्ट लावलं की निवताना डबा झाकण आत ओढून धरतो, हे आपल्या घरात लहानपणापासून माहीत असतं. त्यांच्या काचेच्या भांड्यांना कधी ठाऊक नव्हतं. मी सुरीचं टोक लावून पाहिलं, ओट्यावर कडा ठोकल्या. शेवटी नळाखाली गरम पाणी सोडलं आणि झाकण त्या धारेखाली फिरवत राहिले, चिकटपट्टी भिजू नये म्हणून तळ तळहातावर तोलून. बारीकसा आवाज झाला. आत कोपऱ्याचा तुकडा होता, दोन बाजूंनी तळलेल्या कडेचा, जो त्या कधी कुणाला देत नसत.